कारटीचा वाडदीस

आमच्या कुत्रीचा वाढदिवस वर्षातून तीनदा येतो. रीतसर करतो आम्ही एकदाच, पण तो कुठला धरायचा यावर घरात दर वर्षी सप्टेंबरपासून जी चर्चा सुरू होते ती माझ्या स्वतःच्या लग्नाच्या मुहूर्तावर पण झाली नव्हती. परवा सातवा झाला, तेव्हा म्हटलं एकदाचं लिहूनच काढावं, नाहीतर पुढच्या वर्षी परत पहिल्यापासून सगळं.

तिचं कागदोपत्री नाव कारीट. हाक मारताना कारटी. आणि ती खरोखरच कार्टी आहे, त्यामुळे नावाचा उलगडा कुणाला करून सांगावा लागत नाही. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, कारीट म्हणजे ते छोटंसं, अंगावर पट्टे असलेलं कडू रानफळ, नरकचतुर्दशीला पहाटे तुळशीपाशी पायाच्या अंगठ्याने फोडायचं, नरकासुर मारला म्हणून, आणि त्याचा जरासा रस जिभेला लावायचा. मी मूळची कुडाळची, आमच्याकडे पण फोडतात, पण लग्न होऊन गोव्यात म्हार्दोळला आले आणि पहिल्या दिवाळीला कळलं की इथे कारीट फोडणं ही नुसती शेवटची सही, खरा कार्यक्रम आदल्या रात्रभर चालू असतो. वाड्यावाड्यावर, म्हणजे वस्तीवस्तीवर, पोरं महिनाभर खपून नरकासुर करतात, सांगाडा बांधून आत गवत आणि कागद भरायचा, वर बाजारातून आणलेला भला मोठा मुखवटा, बारीक लुकलुकणारे लाइट, एखादा लहानगा कृष्ण बनवून समोर उभा करायचा आणि मग रात्रभर मिरवणूक, स्पर्धा, भिंतभर स्पीकर. पहाटे जाळायचा. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद हा नियम २००० सालापासून आहे म्हणतात, असेल, त्या एका रात्री तो नियमसुद्धा नरकासुर बघायला गेलेला असतो.

तर २०१८ ची ती रात्र. ६ नोव्हेंबरची पहाट, चार-साडेचार झाले असतील. मी न्हाणीत चूल पेटवायला गेले, कारण आमच्याकडे अजून भाण आहे, अंघोळीचं पाणी तापवायचं, तांब्याचं, नेहमी गीझर वापरतो पण त्या दिवशी आईंना, म्हणजे सासूबाईंना, भाणातलंच पाणी लागतं, भाणाला कारटांची माळ बांधलेली लागते, सगळं रीतसर. बाहेर रस्त्यावरून कुठल्यातरी वाड्याचा नरकासुर चाललेला, बास इतका की भाणाचं झाकण थरथरत होतं. आणि लाकडं घ्यायला हात घातला तर लाकडांमागे काहीतरी ओलं, गरम, आणि तेही झाकणासारखंच थरथरत होतं.

मी ओरडले. मला वाटलं घूस. आई आल्या, बॅटरी मारली, आणि म्हणाल्या, "हें खंयचें सुणें गो?" ओंजळीएवढं पिल्लू, तपकिरी, पाठीवर काळपट पट्टे, आणि बॅटरीच्या उजेडात चक्क कारटासारखं दिसणारं. कुत्री घरात घेणाऱ्यातल्या आई नव्हेत. सोवळंबिवळं फार नाही, पण देवघर, स्वयंपाकघर, न्हाणी या जागा वेगळ्या, असं त्यांचं. मी वाटच बघत होते की आता म्हणणार ह्याला बाहेर काढ. त्या थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तें भियेलां, रावूं दी." घाबरलंय ते, राहू दे. आणि मला सांगितलं आज चूल नको, पाणी गॅसवर तापव. त्या वर्षी आम्हा चौघांचं अभ्यंगस्नान गॅसवर तापवलेल्या पाण्याने झालं, आणि भाण कोरडंच, माळ घालून मिरवत बसलेलं. हे मी आजही माहेरी सांगते तेव्हा कुणाचा विश्वास बसत नाही.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन, तरी आम्ही डॉक्टर गाठले. त्यांनी पिल्लाचं तोंड उघडून बघितलं. दुधाचे दात सगळे आलेत, म्हणाले, एकही पडलेला नाही, म्हणजे आठ आठवडे धरा, थोडं इकडेतिकडे. पिल्लांना दुधाचे दात अठ्ठावीस असतात, तीन-चार महिन्यांची झाली की ते पडायला लागतात आणि पुढे सहा-सात महिन्यांपर्यंत बेचाळीस पक्के येतात, हे मला तेव्हा कळलं. दातावरून वय सांगता येतं ते अशा लहानपणीच, मोठं झालं की मग नुसता अंदाज. लसीच्या कार्डावर जन्मतारखेचा रकाना होता. डॉक्टरांनी पेन उचललं आणि माझ्याकडे बघितलं, मी आईंकडे बघितलं. आईंनी बोटांवर मोजलं, आठ आठवडे मागे, म्हणजे चवथ! १३ सप्टेंबरला चवथ होती त्या वर्षी. डॉक्टरांनी हसून १३/९/२०१८ लिहिलं. झालं, गणपतीच्या दिवशी जन्मलेली.

हा तिचा पहिला वाढदिवस, सरकारमान्य. आणि बिनकामाचा. कारण गोव्यात चवथीला माणसाचाच वाढदिवस कुणाच्या लक्षात राहत नाही. माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायचं फळाफुलांचं छत, बांधायची, तिला फळं कुठून कुठून आणायची, पाहुणे, नेवऱ्या, फुगड्या, आरत्या. २०१९ च्या चवथीला, २ सप्टेंबरला, मला संध्याकाळी आठवलं की अरे आज कारटीचं वर्ष झालं, तेव्हा ती माटोळीखाली बसून वरच्या एका तवशाकडे, म्हणजे मोठ्या काकडीकडे, एकटक बघत होती.

मग आईंचं म्हणणं पडलं की वाढदिवस तिथीने करावा, आणि तिथी जन्माची कुणाला माहीत, म्हणून घरात आली ती, नरकचतुर्दशी. आणि पोराचं म्हणणं, तो तेव्हा चौथीत, की शाळेत सगळ्यांचे वाढदिवस तारखेने असतात, म्हणून ६ नोव्हेंबर. शिवाय त्याचा मुद्दा बिनतोड होता, दिवाळीला घरात शिवराक, मासे-मटण बंद, म्हणजे तिथीने केला तर बिचारीला तिच्या वाढदिवसाला बांगडा नाही. यावर आई म्हणाल्या, देवाला नाही मिळत त्या दिवशी बांगडा, तिला काय.

मला यात गंमत वेगळीच वाटायची. माझ्या वडिलांचा वाढदिवस १ जून. त्यांच्या दोन भावांचा पण १ जून. शाळेत घालताना गुरुजींनी जी तारीख टाकली ती. खरा जन्म श्रावणातला, ज्या वर्षी ओढ्याच्या पुरात साकव वाहून गेला त्या वर्षीचा, एवढंच आजी सांगायची. आणि इकडे सासूबाई, जन्म १९५१ चा, गोवा मुक्त व्हायच्या दहा वर्षं आधीचा, पण पोर्तुगीज राजवटीत जन्माची नोंद सक्तीची असल्यामुळे त्यांच्याकडे रीतसर दाखला आहे, पोर्तुगीजमध्ये, नावाचं स्पेलिंग असं की स्वतः आईंनाही ते वाचून आपलं वाटत नाही. एवढा पक्का कागद असून त्या आपला वाढदिवस तिथीने करतात, आणि ज्यांच्याकडे कागदच खोटा ते माझे बाबा १ जूनला सकाळी नवा शर्ट घालून फोनची वाट बघत बसतात. तारीख खरी असण्याचा आणि वाढदिवस साजरा होण्याचा संबंध नक्की काय, मला अजून कळलेलं नाही.

तर त्या पहिल्या वर्षी पोर जिंकला. ६ नोव्हेंबर २०१९. त्याने खाऊच्या पैशातून केक आणला, चॉकलेटचा. मला वाटलं तो आपल्यासाठी, त्याला वाटलं तो तिच्यासाठी, आणि आमचं हे वाटून होईपर्यंत कारटीने खालचा कोपरा साफ केला होता. मग काय, रडारड, डॉक्टरांना फोन. त्यांनी तीनच प्रश्न विचारले, वजन किती, किती खाल्लं, आणि चॉकलेट दुधाळ की काळं. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन कुत्र्यांच्या अंगातून फार हळू बाहेर पडतं, निम्मं व्हायलाच सतरा-अठरा तास जातात, आणि जितकं चॉकलेट काळं आणि कडू तितकं ते जास्त. आमचा केक म्हणजे नावाला चॉकलेट, बाकी मैदा आणि तूपच, आणि तुकडाही लहान, त्यामुळे डॉक्टर म्हणाले घाबरू नका, लक्ष ठेवा, उलट्या किंवा थरथर वाटली तर लगेच घेऊन या. रात्रभर आम्ही तिघं आळीपाळीने तिच्या उशाशी. तिला काही झालं नाही, उलट एवढी माणसं आपल्याकडे बघतायत म्हणून ती खूश. पोराने मात्र दुसऱ्या दिवशी वहीत यादी केली, चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे, कांदा, लसूण, शुगरफ्री गोळ्यांमधलं झायलिटॉल, शिजवलेली हाडं. ती यादी अजून फ्रिजवर चिकटवलेली आहे, कडा पिवळ्या पडल्यात.

केक प्रकरणाने एक झालं, आईंनी सूत्रं हातात घेतली. त्यांनी ठरवलं कारटीसाठी तवसळी करायची. तवसळी म्हणजे पावसाळ्यातलं मोठं तवसं किसून, रवा, खोबरं, गूळ घालून वाफवलेला आपला केकच तो, नाव फक्त मिरवत नाही. कारटीच्या तवसळीत गूळ नाही, मीठ नाही, खोबरं चिमूटभर, आणि रव्याऐवजी नाचणी. चवीला कशी लागते म्हणून मी एकदा खाल्ली, ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. ती मात्र ताटली चाटून दुसऱ्या खोलीपर्यंत ढकलत नेते. आणि तवसं काय, कारीट काय, दोन्ही एकाच गोतातली, एक देवाघरी मानाची आणि एक पायाखाली, असं आई म्हणाल्या तेव्हा मला वाटलं हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं. ठेवलं.

तवसळी आल्यावर तारीख आपोआप फिरली, कारण आईंचा नैवेद्य आईंच्या तिथीला. २०२० पासून वाढदिवस नरकचतुर्दशीलाच, आणि पोराच्या समाधानासाठी ६ नोव्हेंबरला बांगडा, काटे काढून, बिनमिठाचा. म्हणजे दोन झालेच. तिसरा कार्डावर.

मध्ये कधीतरी मला कळलं की नेपाळमध्ये नेमका ह्याच दिवशी कुत्र्यांचा सण असतो, कुकुर तिहार. तिहारच्या पहिल्या दिवशी कावळे, दुसऱ्या दिवशी कुत्री, मग गाय. कुत्र्यांच्या गळ्यात झेंडूच्या माळा, कपाळाला लाल टिळा, गोडधोड, घरची असोत की रस्त्यावरची. कारण कुत्रे यमाचे दूत. आईंना सांगितलं तर त्यांना अजिबात आश्चर्य नाही, म्हणाल्या आपल्याकडे पण चतुर्दशीला यमतर्पण असतंच की. बरोबर आहे, ऋग्वेदात यमाचे दोन कुत्रे आहेत, चार डोळ्यांचे, सरमेची पोरं. आणि युधिष्ठिर शेवटी कुत्र्याशिवाय स्वर्गाच्या रथात चढायला तयार नव्हता हे तर सगळ्यांनाच पाठ. म्हणजे मूळ धागा सगळीकडे तोच. फक्त तिकडे त्या दिवशी कुत्र्यांना माळ घालतात आणि इकडे त्याच पहाटे त्यांच्या कानाशी एवढे स्पीकर लावतात की पिल्लं लाकडांमागे लपतात. कुत्र्याला आपल्या दुप्पट वरपर्यंतचे आवाज ऐकू येतात, आपलं वीस हजार हर्ट्झला संपतं तर त्यांचं पंचेचाळीस हजारापर्यंत जातं. त्या रात्री तिच्या कानात नक्की काय होत असेल याची कल्पना मी करायला जाते आणि सोडून देते.

आता खरी अडचण. मला नरकासुर आवडतो. नवऱ्याने तरुणपणी नरकासुर केलेत, त्याच्या हातावर तारेने कापल्याची खूण आहे आणि ती तो पदकासारखी दाखवतो. आणि पोर, तो यादी करणारा, कारटीच्या उशाशी रात्र काढणारा, आता सोळाचा आहे आणि वाड्यावरच्या नरकासुराच्या मंडळीत पुढे आहे. दर वर्षी त्या रात्री तो बाहेर स्पीकरपाशी आणि ती आत न्हाणीत लाकडांमागे, तिथेच, जिथे सापडली तिथेच. आता ती सोळा किलोची आहे, मागे मावत नाही, अर्धी बाहेर राहते. आम्ही संध्याकाळीच तिला भरपूर फिरवून आणतो, खिडक्या लावतो, पंखा फास्ट ठेवतो, रेडिओ लावतो, सगळं करतो, ती जाते न्हाणीतच.

एकदा मी पोराला चिडून म्हटलं, तुझ्या नरकासुरापेक्षा तुझी कुत्री मोठी नाही का. तो काही बोलला नाही. पण २०२२ ला बघितलं तर आमच्या वाड्याचे स्पीकर देवळाच्या बाजूला तोंड करून नव्हते, रस्त्याच्या पलीकडे कुळागराकडे, म्हणजे पोफळीच्या बागेकडे, होते, आणि बारानंतर नुसता ताशा. मी विचारलं तर म्हणाला, अगं जनरेटरचा प्रॉब्लेम. दर वर्षी बारानंतर जनरेटरचा प्रॉब्लेम होतो तेव्हापासून. बाकीच्या वाड्यांचे जनरेटर अर्थात ठणठणीत आहेत.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. म्हार्दोळला माणसं रस्त्यावरच्या कुत्र्यांना पूर्वी जशी बिचकायची तशी आता बिचकत नाहीत. गेली बरीच वर्षं जाळी घेऊन स्वयंसेवक येतात, गावातली सगळी कुत्री पकडून रेबीजची लस देतात, कपाळावर रंगाची खूण करतात म्हणजे परत तेच टोचलं जात नाही. २०२१ ला गोवा देशातलं पहिलं रेबीज नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. कारटीची भावंडं असतील कुठेतरी, तर तीही अशाच कुठल्या जाळ्यात येऊन टोचून गेली असतील, त्यांच्याकडे कार्ड नसेल आणि तारीखही नसेल. कधीकधी पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी पों पों करत येतो तेव्हा त्याच्या सायकलमागे एक पट्ट्यापट्ट्यांची तपकिरी कुत्री धावते, तोंडवळा अगदी हिचाच. आमच्या गेटपाशी आली की दोघी एकमेकींना बघतात आणि जीव खाऊन भुंकतात. बहिणीच असणार.

वयाचं म्हणाल तर कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात हे गणित मी पण धरून चालायचे. २०२० ला अमेरिकेत संशोधकांनी लॅब्राडोर कुत्र्यांच्या डीएनएवरच्या खुणा तपासून वेगळंच गणित काढलं, कुत्री सुरुवातीला भराभर म्हातारी होतात आणि नंतर वेग मंदावतो. एक वर्षाचं कुत्रं जवळजवळ आपल्या तिशीत. त्या हिशोबाने कारटी सात वर्षांची म्हणजे बासष्टची. आमची गावठी, लॅब्राडोर नव्हे, तेव्हा जसंच्या तसं लागू होणार नाही, पण नवऱ्याला फार आवडलं, म्हणाला सरकारी नोकरीत असती तर दोन वर्षांपूर्वीच रिटायर. तिच्या हनुवटीवर पांढरं आलंय खरं. आई त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरच्या, म्हणजे आता दोघींमध्ये बारा वर्षांचंच अंतर उरलंय आणि ते दर वर्षी कमी होतंय. दुपारी दोघी सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, एकाच वेळी आडव्या होतात, एकाच वेळी उठतात, आणि दोघींनाही मध्ये कुणी उठवलेलं चालत नाही.

पोर्तुगालमध्ये एक बोबी नावाचा कुत्रा होता, जगातला सर्वात म्हातारा कुत्रा म्हणून २०२३ ला रेकॉर्ड बुकात गेला. मे महिन्यात त्याचा एकतिसावा वाढदिवस झाला, गावात शंभरावर माणसं जेवायला, नाच वगैरे. ऑक्टोबरात तो गेला. मग लोकांना शंका आली, चौकशी झाली, आणि २०२४ ला रेकॉर्ड काढून घेतलं, कारण तो १९९२ सालीच जन्मला याचा पक्का पुरावाच नाही. मी हे आईंना वाचून दाखवलं. पोर्तुगालचं म्हटल्यावर त्यांनी कान टवकारले. सगळं ऐकून म्हणाल्या, "पण जेवले मगो सगळे?" म्हटलं जेवले. "मग झालं तर."

ह्या वर्षी, २०२५ ला, चतुर्दशी २० ऑक्टोबरला होती. पोर पहाटे पाचला आला, अंगाला धुराचा वास, आवाज बसलेला. नरकासुर जळाला की एकदम जी शांतता होते ना, ती ऐकायची असेल तर गोव्यातच यायला हवं, कान शिवल्यासारखी. त्या शांततेत न्हाणीतून नखांचा आवाज आला. कारटी बाहेर आली, आळस दिला, अंगावरचा लाकडाचा भुसा झटकला. आईंनी तिच्या डोक्याला तेलाचं बोट लावलं, नेहमीप्रमाणे तिने ते चाटायचा प्रयत्न केला, जीभ पोचली नाही. मग रोजांची, म्हणजे झेंडूची, माळ. माळेतली दोन फुलं लगेच खाल्ली. फोवाची, म्हणजे पोह्यांची, पाच भांडी मांडलेली, दुधातले, ताकातले, नारळाच्या रोसातले, गुळाचे, बटाट्याचे, त्यातलं तिला काही नाही, तिची तवसळी वेगळ्या ताटलीत, ती गेली ढकलत ढकलत सोप्यापर्यंत.

आम्ही एकेकाने तुळशीपाशी कारीट फोडलं. जिभेला रस लावायचा तो आम्ही सगळे लावल्यासारखं करतो, मी तर ओठांपर्यंत बोट नेते आणि पुसते, पोर तर तेही करत नाही. तेवढ्यात ही आली, फुटलेलं एक कारीट उचललं, कचकन चावलं, तोंड वाकडं केलं आणि थुंकून टाकलं. सात वर्षं झाली, दर वर्षी चावते, दर वर्षी थुंकते. आई म्हणाल्या, "बघा, हिच्याकडून शिका." पोर म्हणाला, "आजी, ती विसरते गं." आणि ती परत दुसऱ्या कारटाकडे वळली.